पसंतीक्रम कुणाच्या हातचा?

मैत्रिणींनो, आणि मुलींबरोबर आवर्जून आलेल्या पालकांनो,

कॉम्प्युटर इंजिनियरिंगला कोणते कॉलेज घ्यावे, हे विचारायला तुम्ही आलात. आमच्या केंद्रात मी मुलींना प्रवेशाचे अर्ज भरायला मदत करते. तिथे एक गोष्ट सारखी दिसते. मुलगा असला की पालक विचारतात, ‘कॉलेज कसे आहे?’ मुलगी असली की विचारतात, ‘घरापासून किती लांब?’ हा प्रश्न काळजीपोटी येतो, हे मी जाणते. पण तिचे सारे शिक्षण त्या एका प्रश्नावर तोलायचे का?

आधी नियम समजून घेऊ. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत गुणवत्ता क्रमांक आणि आपण लिहिलेला पसंतीक्रम यांवरून जागा मिळते. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचे कॉलेज मिळाले, तर पुढच्या नियमित फेऱ्या आपल्याला बंद होतात. एका मुलीचा अर्ज तिच्या काकांनी भरला. तालुक्यातले कॉलेज वर, जिल्ह्याचे शासकीय कॉलेज खाली. पहिल्याच फेरीत तालुक्याचे मिळाले. तिचे गुण शासकीय कॉलेजला पुरेसे होते. क्रम तिला कुणी विचारलाच नव्हता. पासवर्डसुद्धा काकांकडेच होता.

म्हणून मुलींनो, अर्ज स्वतः भरा, पासवर्ड स्वतःजवळ ठेवा.

आता कॉलेजात काय पाहायचे? एनबीएची मान्यता कॉलेजला सरसकट नसते, प्रत्येक अभ्यासक्रमाला वेगळी असते; तुमच्या शाखेला आहे का, ते पाहा. नोकऱ्यांचा सर्वांत मोठा आकडा जाहिरातीत असतो. तुम्ही विचारा, शाखेतल्या किती जणींना नोकरी लागली आणि मधला पगार किती? प्रोग्रॅम लिहिणे नुसते वाचून येत नाही, चुकत चुकत हाताने करावे लागते. तेव्हा प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते आणि मुलींच्या वसतिगृहाचे दार किती वाजता लागते, हे दोन्ही विचारा. प्रयोगशाळा नऊपर्यंत आणि दार सातला, असे असेल तर सारखीच फी भरून मुलीला कमी शिक्षण मिळते. ही सुरक्षितता नव्हे. सुरक्षितता हवी तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आहे का, तिच्या सदस्यांची नावे फलकावर आहेत का, ते पाहा.

मुलींचेच कॉलेज हवे असेल तर पुण्यात कमिन्स कॉलेज १९९१ पासून आहे, मुंबईत एसएनडीटीचे उषा मित्तल आहे. मात्र तिथेही हेच प्रश्न विचारा.

राहिला पैसा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शासन पूर्ण भरते. मुख्य अट अशी, की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. खोली आणि खाणावळ यांचा खर्च मात्र वेगळा धरा. लग्नासाठी बाजूला टाकलेल्या पैशांतून तो भागवता येईल का, याचाही घरी विचार व्हावा.

पालकांनो, तुम्ही सोबत जरूर या. कॉलेज पाहा, हवे ते विचारा, मत मोकळेपणी सांगा. क्रम मात्र तिला लिहू द्या. चार वर्षे तिथे तिलाच शिकायचे आहे.