कापूस, ब्लूज आणि गिटारवाल्याची भाकरी



एक होमिओपॅथ डॉक्टर गिटारवर बोलणार म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. पण विषय वाटतो तितका परका नाही. ब्लूज नावाचे संगीत कापसाच्या रानात वाढले, आणि कापूस म्हणजे काय हे आदिलाबादकराला सांगायला नको.

अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामी कायद्याने संपली, तरी काळ्या कुटुंबांच्या वाट्याला मालकाचे रान बटाईने कसणेच आले. त्यांच्या श्रमगीतांतून आणि भजनांतून ब्लूज निघाला. रचना साधी. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीने उत्तर द्यायचे. बारा मापांचे एक चक्र, तीनच स्वरमेळ. खरी गंमत स्वरात आहे. कोमल आणि शुद्ध गंधार यांच्या मधोमध कुठेतरी तो स्वर लागतो. पेटीवर तो सापडत नाही. गिटारवाला डाव्या बोटाने तार बाजूला ओढून तो काढतो. ज्यांनी आयुष्यभर मींड ऐकली, त्या तुम्हाला ते ऐकताच कळेल.

बडी गाय नावाचा वादक 1936 साली लुइझियानात जन्मला. लहानपणी तो कापूस वेची. 100 पौंडांना, म्हणजे साधारण 45 किलोंना, अडीच डॉलर. 1957 साली तो शिकागोला आला. तिथे चेस या कंपनीत इतरांच्या ध्वनिमुद्रणांत साथ करी आणि पोटासाठी दिवसा बंद पडलेल्या गाड्या ओढणारा ट्रक चालवी. त्याच्या स्वतःच्या नावाला मोठे यश आले ते 1991 च्या तबकडीने. हिशेब तुम्हीच करा. मधली चौतीस वर्षे तो वाजवतच होता. 2011 च्या फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्र ब्लूज महोत्सव झाला, तेव्हा हा कापूसवेच्या पाऊणशेच्या घरात होता आणि मुंबईकरांपुढे उभा राहून वाजवत होता.

आता मुंबईतलेच उदाहरण घेऊ. शंकर-एहसान-लॉय या त्रिकुटातले एहसान नूरानी मुळात ब्लूजचे गिटारवादक. ऐंशीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या म्युझिशियन्स इन्स्टिट्यूटमध्ये शिकून आले. आल्यावर काय मिळाले? जाहिरातींची गाणी. मला तर हे शिक्षण मोठ्या मैफलींपेक्षा कठीण वाटते. आज साबण, उद्या बिस्किट. अर्ध्या मिनिटात सांगतील त्या ढंगात वाजवायचे. आपल्या आवडीचा ब्लूज त्यात कुठे बसवणार? तिघांची ओळख याच कामातून वाढली. त्यांचा पहिला मोठा चित्रपट ‘दस’. दिग्दर्शक मुकुल आनंद 1997 साली वारले आणि तो अपुराच राहिला. पुढे 2001 साली ‘दिल चाहता है’ आला आणि तिघांचे नाव घराघरांत पोचले. ‘कल हो ना हो’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, 2015 सालच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या मराठी चित्रपटाचे संगीतही याच त्रिकुटाचे. दारव्हेकर मास्तरांचे नाटक 1967 चे, संगीत अभिषेकीबुवांचे, खाँसाहेब म्हणजे आपल्या वऱ्हाडच्या मूर्तिजापूरचे वसंतराव. त्या घरात पाऊल टाकायला गिटारवाल्याची छाती लागते. जुनी पदे राखून त्यांनी नवी बांधली. काही जाणकारांनी नाके मुरडली असतील. मला ती नवी पदे आवडली.

पण सगळेच एहसान होत नाहीत. त्यांचेच संगीत असलेला 2008 चा ‘रॉक ऑन’ जमल्यास पाहा. चार मित्रांचा वाद्यवृंद मोडतो. त्यातला गिटारवाला जो शिकवण्या घेतो, घर चालते बायकोच्या मासळीच्या धंद्यावर, आणि शेवटी त्याच्यापुढे जहाजावर वाजवायची नोकरी येते. आम्हा जैनांना मासळीचा हिशेब कळत नाही, पण घराचा कळतो. चित्रपटातली सर्वात खरी माणसे मला हे नवराबायको वाटले.

म्हणून उद्या नातवाने गिटार मागितली, तर “इंजिनिअरिंगचे काय?” हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी विचारा, रोज किती वेळ बसशील? आमच्या सामायिकाची बैठक 48 मिनिटांची असते. वाजवणाऱ्याला तशा चार-पाच बैठका रोज हव्यात. मग विचारा, दुसऱ्याच्या गाण्यात साथ करशील का? लग्नात वाजवशील? मुलांना शिकवशील? ब्लूजवाल्याचे पोट याच कामांवर चालत आले आहे. या प्रश्नांना तो सरळ उत्तरे देत असेल, तर त्याच्या गिटारचे पैसे काढून ठेवा. महिनाभरात त्याच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडतील, आधी दुखतील. ते दाखवायला त्याला माझ्याकडे आणू नका. वाजवणाऱ्याला ते लागतात, आणि त्यावर मी औषध देत नाही.