स्पेलिंग चुकतं म्हणून पोर ढ नसतं



गेल्या वर्षी एकदा बचत गटाचे हप्ते गोळा करून झाले आणि आमच्यातली एक ताई मागं थांबली. म्हणाली, "पोराची शाळा आता बंद करते. आठवीत आहे, पण इंग्रजीचं नाव काढलं की रडतो. अठरा पूर्ण झाली की चाकणला हेल्परला लागेल."

मी त्याची वही पाहिली. चुकलेला शब्द पंचवीस वेळा लिहायला सांगितला होता. पोरानं लिहिला, पण चौथ्या ओळीपासून परत चुकला आणि पुढं तोच चुकीचा गिरवत गेला. हाच मुलगा घरची पाण्याची मोटर खोलून परत जोडतो. मग तो ढ कसा?

याला डिस्लेक्सिया म्हणतात. मेंदूला आवाज आणि अक्षर यांची जोडी लावायला जड जातं. बुद्धी कमी नसते, आळस नसतो, आईचं काही चुकलेलं नसतं. तोंडी उत्तर नीट देतो, कागदावर अडखळतो. बी आणि डी उलटे काढतो. मराठीतही काना-मात्रा सुटतात. पण आपल्या मराठीत 'क' म्हटलं की 'क'. इंग्रजीत अक्षरं 26 आणि आवाज 44 च्या आसपास! बी-यु-टी बट, मग पी-यु-टी पुट का? अशा मुलाची इथं दुप्पट दमछाक होते.

मग घरी काय करायचं?

ताटात रवा पसरा. मुलानं बोटानं अक्षर काढायचं आणि त्याच वेळी त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायचा. डोळा, कान, हात एकदम शिकतात. आपल्याला इंग्रजी येत नसलं तरी शेजारी बसता येतं.

सुटे शब्द पाठ करायला लावू नका. एका घरातले शब्द एकत्र घ्या: कॅट, बॅट, मॅट, रॅट. ते पक्के झाले की पुढचा नियम. एम-ए-डी मॅड. शेवटी ई लावला की होतं मेड. ई स्वतः गप्प बसतो, पण मधल्या 'ए'चा आवाज बदलतो. मग 'मेड इन इंडिया' लिहिलेला खोका शोधायला सांगा.

रोज चार-पाच शब्द, पंधरा मिनिटं. कालचे आधी, मग नवे. मारायचं नाही, भावंडांशी तुलना करायची नाही.

एक कागदाचं कामही आहे. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. साधारण तिसरीपासून या अडचणीची पक्की तपासणी होते. शाळेत मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. अधिकृत सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र मिळालं, तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक अशा सवलती मिळतात. ही मेहरबानी नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अडचणीची नोंद आहे. दहावीचं हे वर्ष निघालं पाहिजे, कारण आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी पास लागते. मोटर खोलणाऱ्या पोराची वाट तीच आहे.

ताईचा मुलगा यंदा नववीत गेला. स्पेलिंग अजून चुकतं. पण वही लपवत नाही, आणि शाळा सुटलेली नाही.

पुढच्या बैठकीत हप्ता देताना एकमेकींना एवढं विचारा, "पोराची वही पाहिलीस का?"