मोटर फिरते, काडी हलत नाही

सकाळची कामं उरकून रेडिओ लावला असेल, तर जरा टेका. मागच्या वेळी आपण गटाच्या अंतर्गत कर्जावरचं व्याज कसं मांडायचं ते बोललो होतो. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. मोटारीची अँटेना. तीही साधी नाही, रेडिओ लावला की आपोआप वर येणारी आणि बंद केला की आत जाणारी. एखादी म्हणेल, "ताई, आमच्या दारात एक सायकल, तिला कुठली आलीय अँटेना?" खरंय. पण भोसरीतल्या आमच्या गटातल्या एका बाईनं ही अँटेना दुरुस्त केली, आणि त्या कामाचे पैसे किती घ्यायचे यावरून आमच्या दोन बैठका भांडणात गेल्या. ते भांडण तुमच्या गटातही कधी ना कधी होणार आहे.

आधी गाडी कुठली ते सांगते. मर्सिडीज. नाव परदेशी असलं तरी गाडी आपल्याकडचीच. १९९४ मध्ये मर्सिडीजनं भारतात कंपनी काढली आणि १९९५ पासून पिंपरीला टेल्कोच्या आवारात गाड्या जोडायला सुरुवात केली. टेल्को म्हणजे आताची टाटा मोटर्स. तिथं जोडलेली पहिली गाडी ई-क्लास, गॅरेजवाले तिला डब्ल्यू १२४ म्हणतात. पुढे २००९ मध्ये कारखाना चाकणला गेला. आणि हीच ती टेल्को, जिच्या नोकरीच्या जाहिरातीत १९७४ साली छापलं होतं की स्त्रियांनी अर्ज करू नये. ती वाचून एका मुलीनं थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, आणि तिला नोकरी मिळाली. त्या सुधाताई मूर्ती. असो, गाडीकडे येते.

त्या काळातल्या महागड्या गाड्यांत आणि दोनच माणसं बसतील अशा स्पोर्ट्स गाड्यांत ही आपोआप वर येणारी अँटेना असायची. जपानच्या माझदा कंपनीनं १९८९ साली काढलेल्या छोट्या स्पोर्ट्स गाडीतही ती मिळायची, आणि ती गाडी बाळगणारे हौशी लोक आजही याच दुखण्यानं हैराण असतात. नव्या गाड्यांत हा प्रकार राहिला नाही. आता अँटेनाची तार काचेत असते, नाहीतर छपरावर माशाच्या पंखासारखा एक छोटा तुकडा असतो.

रचना समजायला जुना ट्रान्झिस्टर आठवा. त्याची काडी आपण बोटांनी ओढून लांब करायचो, एका नळीतून दुसरी बारीक नळी, तिच्यातून तिसरी. मोटारीत ही काडी बोटांऐवजी एक छोटी मोटर ढकलते. कशानं ढकलते? नायलॉनच्या दोरीनं. या दोरीच्या एका अंगाला दाते असतात, आणि तिचं टोक सगळ्यात बारीक नळीला जोडलेलं असतं. मोटरचं चक्र दात्यांत अडकतं, दोरी वर ढकलली जाते, काडी उघडत जाते. रेडिओ बंद केला की चक्र उलटं फिरतं आणि दोरी डबीत गुंडाळली जाते, शिवणाच्या डब्यातली स्टीलची टेप गुंडाळते तशी. मर्सिडीजच्या त्या गाडीत हे सगळं डाव्या बाजूच्या मागच्या मडगार्डमध्ये असतं. डिकी उघडून डावीकडचं अस्तर काढलं की मोटर दिसते.

आणि काडी एवढी लांब का? एफएम रेडिओची लहर साधारण तीन मीटरची असते. तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे पाऊण मीटरच्या आसपास काडी असली की आवाज स्वच्छ येतो. काडी अर्धीच उघडली तर मोठ्या स्टेशनांचं फार बिघडत नाही, त्यांची ताकद दांडगी असते. पण आपल्यासारख्या सामुदायिक रेडिओला परवानगी साधारण शंभर वॅटची, आवाज पोचतो दहा-पंधरा किलोमीटर. मोडक्या काडीवर सगळ्यात आधी बंद पडतो तो आपलाच आवाज!

आता आमच्या गटातल्या बाईकडे येते. नाव घेत नाही, तिनंच नको म्हटलंय. चाकणच्या बाजूच्या एका कंपनीत ती सात वर्षं हार्नेसच्या लाइनवर होती. हार्नेस म्हणजे गाडीच्या सगळ्या वायरींची जुडी. आपल्या पट्ट्यात हे काम किती बायका करतात ते मला नव्यानं सांगायला नको. लांब फळीवर खुंट्या असतात, त्यांच्यामधून वायरी न्यायच्या, टोकाला पिन दाबायची, कनेक्टर बसवायचा, टेप गुंडाळायची. सात वर्षं हे केलेल्या बाईला वायरीचा रंग बघून ती कुठं जाते ते झोपेतही सांगता येतं. पण ती होती कंत्राटावर. लाइन दुसरीकडे हलली आणि ती घरी बसली.

तिनं गटाकडे चार हजारांचं कर्ज मागितलं. मल्टिमीटर, पिना दाबायची पक्कड, सोल्डरिंगची इस्त्री आणि टेस्ट लॅम्प घ्यायला. बैठकीत सगळ्या गप्प. मग एक मावशी म्हणाल्या, "त्यापेक्षा शिलाई मशीन घे. गाडीला हात लावायला तुला कोण देणार?" शिलाईबद्दल माझं काही वाईट मत नाही. पण आमच्या एका गल्लीत शिलाईची अकरा मशीनं आहेत आणि ब्लाउज शिवून घेणाऱ्या बायका तेवढ्याच आहेत. पापडाचंही तेच. जे हातात आहे ते सोडून बाईनं पुन्हा पहिलीपासून सुरुवात करायची, हे मला पटत नाही. कर्ज मंजूर झालं, एका मताच्या फरकानं.

भोसरीत एमआयडीसीच्या बाजूला एक छोटं गॅरेज आहे. तिथल्या दादांनी तिला वायरिंगची कामं द्यायला सुरुवात केली, आणि त्यात ही जुनी मर्सिडीज आली. मालकाला आधी एका मोठ्या गॅरेजनं सांगितलं होतं की अख्खी अँटेना मोटरसकट बदलावी लागेल, भाग परदेशातून मागवावा लागेल.

हिनं आधी काय केलं, तर रेडिओ लावला आणि मडगार्डला कान लावला. आतून घर्र असा आवाज आला, पण काडी तसूभरही हलली नाही. म्हणजे मोटर जिवंत आहे, करंट पोचतोय, फ्यूज शाबूत आहे. मोडलंय ते मोटर आणि काडी यांच्या मध्ये. आवाजच आला नसता तर गोष्ट वेगळी होती. मग आधी फ्यूज, मग वायर, मग अर्थ आणि शेवटी मोटर असं बघत जायचं.

तुमच्या मिक्सरचंही असंच असतं बघा. मोटर फिरतेय आणि भांड्यातलं पातं फिरत नाही, तर खालचा रबरी कपलर झिजलेला असतो. तो थोड्या पैशांत मिळतो. आणि आपल्याला सांगतात की मोटर गेली, नवा मिक्सर घ्या.

अँटेनात नायलॉनची दोरी तुटली होती. वय झालं की नायलॉन कडक होतो, दाते झडतात. नुसती काडी आणि दोरी वेगळी मिळते, ती मागवली. पण ती येईपर्यंत ही बाई गप्प बसली नाही. तिला प्रश्न पडला, दोरी तुटली कशानं? काडी नीट बघितली तर मधली नळी वाकलेली. वाकली कशानं? मालकाला विचारलं, तर ते म्हणाले की किल्ली फिरवली की अँटेना वरच असते, रेडिओ लावा नाहीतर लावू नका. मागं कधीतरी गाडी धुवायला दिली तेव्हाच काडी वाकली असावी.

तिथं तिला धागा सापडला. गाडीतला मूळचा रेडिओ बदलून कुणीतरी बाजारातला बसवला होता. अशा रेडिओला बहुतेक वेळा पिवळी वायर कायमच्या करंटची असते, लाल किल्लीची, काळी अर्थची आणि निळी अँटेनाची. निळीवर पांढरी रेघ असेल तर ती ॲम्प्लिफायरची. रेडिओ लावला की निळीतून करंट येतो, तोच अँटेनाला "वर ये" असा निरोप. बसवणाऱ्यानं निळी तशीच सोडून अँटेनाची वायर लालला जोडली होती. म्हणून किल्ली फिरवली की काडी बाहेर यायची. ती वाकली, वाकलेली नळी सरकेना, मोटर ढकलत राहिली आणि शेवटी दाते गेले. अख्खी नवी अँटेना बसवली असती तरी तीही याच वाटेनं गेली असती.

बदलण्याचं काम आता थोडक्यात सांगते. दोरी आत तुटलेली असली तर तिचा तुकडा डबीतच राहतो. तो न काढता नवी दोरी घातली तर ती अडकते. म्हणून तिनं बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, डिकीतून मोटर सोडवली, डबी उघडली, तुकडे वेचले, वाळून गोंदासारखं झालेलं ग्रीस पुसलं. दाते कुठल्या अंगाला होते त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. मोटर परत बसवताना अँटेनाचा बूड जिथं पत्र्याला टेकतो तिथला गंज पॉलिश पेपरनं घासला, कारण तिथं अर्थ नीट नसेल तर रेडिओ खरखरतो. वायर निळीला जोडली. पुढचं काम दोघींचं आहे. एकीनं आत बसून रेडिओ लावायचा, दुसरीनं बाहेर दोरीचं टोक सरळ धरून आत सोडायचं. चक्राला दाते लागल्याचं हाताला कळतं. मग रेडिओ बंद करायचा, मोटर दोरी आत ओढून घेते, आपण काडीला फक्त वाट दाखवायची. जोर लावायचा नाही आणि तोंड काडीच्या वर धरायचं नाही. शेवटी वरचा गोल नट आवळायचा. आत बसून रेडिओ लावायला त्या दिवशी त्याच मावशी गेल्या होत्या, ज्यांनी शिलाई मशीन घे म्हणून सांगितलं होतं.

नवी काडी बसवायला तासभरही लागला नाही. आणि भांडण तिथंच सुरू झालं. गॅरेजच्या दादांनी विचारलं, मजुरी किती? ती म्हणाली, द्या काय द्यायचं ते. बैठकीत तिनं हे सांगितल्यावर दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, तासाभराचं काम, दोनशे रुपये खूप झाले, जास्त मागितलं तर पुढचं काम जाईल. मी विचारलं, आणि कान लावून ऐकलं ते? डबी उघडून तुकडे वेचले ते? लाल-निळीचा घोळ शोधायला दोन दुपारी गेल्या त्या? त्यावर एक वहिनी म्हणाली, "नुसतं बघण्याचे कसे पैसे घ्यायचे?"

बाई बघते, समजून घेते, वाट सांगते, ते सगळं फुकट. हात चालवते तेवढ्याचेच पैसे. ब्लाउजचं माप घेतो, जुनं उसवून कुठं चुकलंय ते शोधतो, त्याचे आपण कधी घेतलेत? डॉक्टर नाडी बघून पैसे घेतात तेव्हा त्यांना कुणी विचारत नाही की हातोडी कुठं मारली. या कामात तर काडी बदलणं सगळ्यात सोपं होतं, ती कुणीही बदलली असती. मालकाचे खरे पैसे वाचले ते दोष शोधल्यामुळे. मी हे जरा चढ्या आवाजातच बोलले.

दुसऱ्या बैठकीत मार्ग निघाला. आता ती दोन आकडे सांगते: तपासणीचे वेगळे आणि बसवण्याचे वेगळे. तपासणीचे गाडी उघडण्याआधी ठरवायचे, दोष सापडो वा न सापडो. गॅरेजच्या दादांनी कुरकुर केली, मग मान्य केलं, कारण मालकानं पुढची गाडी तिच्याकडेच पाठवली. हप्ते ती वेळेवर भरतेय. "ताई, आमच्या बाईची लाज राखली का त्या निळ्या वायरनं?" असं मावशी मला परवा विचारत होत्या. आमच्या बाईची म्हणाल्या, हे मी ऐकलं.

ज्यांच्या घरी किंवा ओळखीत अशी अँटेना असेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. आठवड्यातून एकदा काडी पूर्ण बाहेर काढून मऊ फडक्यानं पुसा. घट्ट ग्रीस लावू नका, धूळ चिकटते. गाडी धुवायच्या आधी रेडिओ बंद करून काडी आत गेलीय का ते बघा. पावसाळ्याआधी मोटरच्या खालची पाणी निघायची रबरी नळी मोकळी आहे का ते तपासा, नाहीतर पाणी साठून मोटरच गंजते.

पुढच्या शुक्रवारी दुपारी आमच्या गटाच्या खोलीत ती मल्टिमीटर कसा धरायचा ते दाखवणार आहे. ते मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. घरातल्या २३० व्होल्टला कुणी स्वतःहून हात लावायचा नाही. बंद पडलेला मिक्सर घरात असेल तर घेऊन या, कपलर बघून देऊ. तपासणीचे वीस रुपये पडतील.