प्रमाणपत्र वयाचे की विचाराचे?

(औंध येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

यमाईच्या डोंगरावरील येथील संग्रहालय आपण सर्वांनी पाहिले आहे. तेथे राजा रविवर्म्याचे 'सैरंध्री' हे चित्र आहे. कीचकाच्या महाली जाण्याची आज्ञा झालेली द्रौपदी त्यात आहे. सत्ताधाऱ्याची वासना आणि दासीची असहायता हा काही बाळबोध विषय नव्हे. तरीही त्या चित्रासमोर वयाची पाटी लावावी असे कोणास वाटलेले नाही. सहलीस आलेल्या मुलाने 'ही बाई का रडते?' असे विचारले, तर शेजारी उभे असलेले गुरुजी त्याला पेलेल एवढे सांगतात. मुलाला जगापासून लपवून त्याचे रक्षण होत नाही. जाणते माणूस सोबत असले म्हणजे होते. चित्रपटांच्या वयोगटांचा विचार करताना ही साधी गोष्ट आपण विसरू नये.

आज ही व्यवस्था कशी चालते ते प्रथम पाहू. ब्रिटिश अमदानीत १९१८ च्या कायद्याने चित्रपटांवर नियंत्रण आले. त्यामागे मुलांच्या काळजीपेक्षा राज्यकर्त्यांची स्वतःविषयीची काळजी अधिक होती. 'यू' म्हणजे सर्वांसाठी आणि 'ए' म्हणजे केवळ प्रौढांसाठी, हा भेद स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या दुरुस्तीने आला. सध्याचा मूळ कायदा १९५२ चा. १९८३ साली मंडळाच्या नावातील 'सेन्सॉर' जाऊन 'प्रमाणन' आले, आणि 'यूए' व 'एस' हे दोन वर्ग वाढले. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे केले. हे टप्पे आईवडिलांच्या मार्गदर्शनासाठी आहेत; त्यांची सक्ती दुसऱ्या कोणी करावयाची नाही, असे कायदाच म्हणतो. दारावर अडवणूक होते ती 'ए'च्या बाबतीत.

निर्णय घेते ती परीक्षण समिती. मंडळाचा अधिकारी आणि सल्लागार सदस्य चित्रपट पाहून मत देतात. निर्णय मान्य नसेल तर पुनर्परीक्षण समिती असते. त्यापुढे अपिलासाठी एक न्यायाधिकरण होते; ते २०२१ साली बरखास्त झाले. आता उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. भांडवलवाल्या निर्मात्याला ती चढवते. कर्ज काढून मराठी चित्रपट करणाऱ्याला प्रदर्शनाची तारीख टळणे म्हणजेच शिक्षा असते.

येथेच या व्यवस्थेचे मर्म आहे. वयोगट ठरविणे आणि कात्री चालविणे हे दोन वेगळे अधिकार एकाच हाती आहेत. 'ए' मिळाले की प्रेक्षक घटतो आणि दूरचित्रवाणीचे दार बंद होते. म्हणून मंडळाने 'एवढे वगळा, मग खालचा वर्ग देऊ' म्हटले की निर्माता मान तुकवतो. वयाचे प्रमाणपत्र हे सौद्याचे साधन होते.

ख्वाजा अहमद अब्बास यांचा अनुभव आठवा. चार महानगरांतील श्रीमंती आणि दारिद्र्य शेजारी शेजारी दाखविणारा लघुपट त्यांनी केला. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्ये होती. मंडळाने 'ए' दिले. अपिलात सरकारने ती दृश्ये वगळण्याच्या अटीवर 'यू' देऊ केले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सरकारने विनाअट 'यू' देण्याची तयारी दाखविली. १९७० च्या निकालात न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरविले हे खरे. पण त्याच्या कसोट्या नेमक्या असाव्यात, हेही बजावले.

पुढे श्याम बेनेगल यांच्या समितीने २०१६ साली सांगितले की, मंडळाने वर्गवारी करावी, कापाकापी करू नये. 'यूए'चे वयानुसार भाग पाडावेत. २०२३ च्या दुरुस्तीत वयाचे टप्पे आले, कात्री मात्र म्यान झाली नाही. शिफारशीतले सोयीचे अर्धे तेवढे उचलले गेले.

त्याचे फळ दोनच वर्षांत दिसले, आणि तेही आपल्या घरच्या विषयात. जोतीरावांच्या पूर्वजांचे कटगुण याच खटाव तालुक्यातले, आणि सावित्रीबाईंचे नायगाव याच सातारा जिल्ह्यातले. त्या दोघांवरील 'फुले' हा हिंदी चित्रपट २०२५ साली जोतीरावांच्या जयंतीस, ११ एप्रिलला यावयाचा होता. झलक पाहून काही ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली. मंडळाने 'यू' दिले, पण काही बदलही करावयास सांगितले. वृत्तपत्रांत आलेल्या यादीनुसार महार, मांग आणि पेशवाई हे शब्द व मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख काढावयाचा होता, आणि तीन हजार वर्षांच्या गुलामगिरीला नुसती 'अनेक वर्षांची' म्हणावयाचे होते. चित्रपट २५ एप्रिलला आला.

मित्रहो, या शब्दांचा इतिहास पाहा. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदया'त छापून आला. शाळकरी मुलीने जे शब्द लिहिले, तेच शब्द एकशे सत्तर वर्षांनंतरच्या शाळकरी मुलीच्या कानी पडू नयेत, ही कोणती बालचिंता? तिच्यापैकी कित्येकींना जात पाणवठ्यावर कळते, शाळेच्या दाखल्यात दिसते. पडद्यावरून शब्द पुसल्याने ती नाहीशी होत नाही; फक्त तिच्याविषयी बोलण्याची सोय जाते. शब्द हटले ते मुलांच्या कोवळ्या मनासाठी नव्हेत, मोठ्यांच्या दुखऱ्या अहंकारासाठी.

वयोगट नकोतच, असे मी म्हणत नाही. रक्तपात आणि स्त्रीदेहाचा बाजार मांडणारे चित्रपट पुष्कळ आहेत. सात वर्षांच्या मुलाला ते दाखविणे हा अपराधच आहे. आज ते मोबाइलवरही येतात. तेथे २०२१ च्या नियमांनुसार वयाची वर्गवारी प्रसारक कंपनी स्वतःच ठरवते, आणि मूल एकटेच पाहत बसते. जेथे सोबत हवी तेथे कोणी नाही, आणि जेथे विचार आहे तेथे पहारा आहे, अशी ही विपरीत स्थिती आहे.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. मंडळाने वय सांगावे आणि त्याची कारणे जाहीर करावीत. कापण्याचा अधिकार सोडावा. अपिलाचे स्वस्त आणि जलद साधन पुन्हा निर्माण व्हावे. सल्लागारांत शिक्षक, बालमानसतज्ज्ञ आणि वंचित समाजातील माणसे असावीत. पक्षनिष्ठा ही पात्रता नसावी.

परंतु कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. 'फुले' आपल्या गावात दाखवा. मुलांना आणा आणि त्यांच्या शेजारी बसा. जे शब्द गाळले गेले ते चित्रपट संपल्यावर उच्चारा, मुक्ता साळवेचा निबंध मुलींकडून वाचून घ्या, आणि त्या विचारतील त्या प्रश्नांना खरी उत्तरे द्या. पालकांचे मार्गदर्शन म्हणून कायद्याने जे म्हटले आहे, ते याहून वेगळे काय असणार?