छऱ्याच्या बंदुकीचे माप

ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे १० मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता ठरला. त्या प्रकारातील छऱ्याची शक्ती अवघी सातआठ ज्यूल असते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी तर २० ज्यूलपर्यंत परवान्यावाचून मोकळीक ठेविली आहे. सामान्य नेमबाज अडखळतो तो नळीच्या व्यासापाशी. तो ४.५ मिलिमीटरहून अधिक नसावा, ही दुसरी अट. कायदा मध्यवर्ती, तेव्हा जे ठाण्यात, तेच भिलाईच्या वैशाली नगरात. साडेपाच मिलिमीटरची बंदूक कितीही दुबळी असो, तिला परवाना हवाच! उलट, परवानामुक्त बंदुकीच्या छऱ्याने होला सहज मरतो. मात्र ती शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते, बंदुकीला परवाना लागो वा न लागो.