धागा निवडतानाची जयणा

(सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाच्या सभेत केलेले भाषण)

 

महिला मंडळाने या सुवर्ण महोत्सवी वर्षात क्रोशाच्या विणकामाचा वर्ग सुरू करण्याचे ठरविले आणि सुई व धागा यांची निवड कशी करावी, या विषयावर बोलण्याची जबाबदारी माझ्यावर सोपविली. विणण्याच्या कलेत आपण भगिनी माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहात. परंतु सूत, रंग आणि कापड यांच्याशी माझा आयुष्यभराचा व्यवहार आहे. म्हणून धाग्याच्या पारखेच्या मर्यादेत राहून चार शब्द बोलण्याचे धाडस करतो.

पाणी गाळताना आणि धान्य निवडताना आपण जी जयणा पाळतो, तीच धागा निवडतानाही पाळता येते. किंबहुना पाळली पाहिजे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. छंद निर्दोष असला तरी त्याचे साहित्य निर्दोष असेलच असे नाही. ते पाहण्याचा विवेक दुकानाच्या पायरीवरच करावा लागतो.

क्रोशाची कला युरोपात एकोणिसाव्या शतकात बहराला आली. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात क्रोशाच्या लेसने असंख्य स्त्रियांच्या घरची चूल पेटती ठेवली. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील नरसापूर येथे मिशनऱ्यांच्या मार्फत ही कला पोहोचली, आणि तेथील स्त्रियांनी ती इतकी आपलीशी केली की २०२४ साली नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. क्रोशाची खरी वीण आजही यंत्राने निघत नाही. बाजारात दिसणारा क्रोशाचा प्रत्येक रुमाल कोणा ना कोणा हाताने विणलेला असतो. तो विकत घेताना घासाघीस करण्यापूर्वी एवढे स्मरण ठेवावे.

आता धाग्याकडे वळू. या बाजारात नावे फार फसवी आहेत. आपण ज्याला सरसकट ‘लोकर’ म्हणतो, ते रंगीबेरंगी गुंडे बहुतांशी अॅक्रिलिकचे असतात. अॅक्रिलिक खनिज तेलापासून तयार होणाऱ्या रसायनांतून बनते. त्यात मेंढीचा एकही केस नसतो. तसेच ‘रेशमी धागा’ म्हणून विकला जाणारा स्वस्त धागा पुष्कळदा व्हिस्कोसचा किंवा पॉलिएस्टरचा असतो. म्हणून दुकानदाराच्या शब्दावर न थांबता गुंड्यावरची चिठ्ठी वाचावी. चिठ्ठी नसेल तर धाग्याचे एक टोक चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर जाळून पाहावे. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख सोडते. लोकर व खरे रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. अॅक्रिलिक वितळते आणि त्याचा काळा, कठीण मणी होतो. ही परीक्षा कापडाच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

रेशमाविषयी आपल्या समाजात स्पष्ट बोलले पाहिजे. रेशमाच्या एका कोषातून साधारण ६०० ते ९०० मीटर लांबीचा सलग तंतू निघतो. पतंग कोष फोडून बाहेर आला तर हा तंतू तुटतो. म्हणून त्याआधीच कोष वाफेने किंवा उष्णतेने तापवून आतील जीव मारला जातो. एक किलो कच्च्या रेशमासाठी असे सुमारे ५ हजार कोष लागतात. तत्कालीन आंध्र प्रदेशातील कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोषांपासून धागा काढण्याची पद्धत रूढ केली आणि त्याला ‘अहिंसा सिल्क’ हे नाव दिले. ईशान्य भारतातील एरी रेशमाचा कोष एका बाजूने मोकळा असतो, त्यामुळे त्याचाही धागा जीव न मारता काढता येतो. परंतु तेथे अळ्या आणि कोषातील कीटक खाण्याचीही प्रथा आहे. केवळ ‘एरी’ हे नाव वाचून निश्चिंत होऊ नये. क्रोशाच्या कामाला रेशमाची चकाकी हवीच असेल, तर मर्सराइज्ड सूत घ्यावे. जॉन मर्सर यांनी १८४४ च्या सुमारास सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली. पुढे सूत ताणून धरून ही प्रक्रिया करू लागल्यावर त्याला रेशमासारखी झळाळी येऊ लागली. एकही कोष न उकळता ही शोभा मिळत असताना रेशमाचा आग्रह कशासाठी?

लोकरीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. श्वेतांबर परंपरेत साधू-साध्वींचा ओघा, आपला चरवळा आणि सामायिकाचे कटासणे ही उपकरणे लोकरीचीच असतात. लोकर मेंढीचा जीव न घेता कातरता येते, हे खरे. परंतु कत्तल झालेल्या मेंढ्यांच्या कातड्यावरून काढलेली लोकरही बाजारात येते, आणि गुंड्याकडे पाहून हा फरक कळत नाही. शिवाय आपल्याकडील दमट हवेत ठेवणीतल्या लोकरीला कसर लागते. ती लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या घालाव्या लागतात आणि हिंसेचा नवा दोष पदरी येतो. धार्मिक उपकरणांबाबत गुरुभगवंत सांगतील तेच प्रमाण मानावे. छंदाच्या विणकामात मात्र लोकर टाळणे सहज शक्य आहे.

मग उरते सूत आणि अॅक्रिलिक. दोन्ही पूर्ण निर्दोष आहेत असे मी म्हणणार नाही. कापसाच्या शेतीत कीटकनाशकांची फवारणी होते. अॅक्रिलिकचे सूक्ष्म तंतू धुण्याच्या पाण्यातून ओढ्या-नाल्यांत जातात आणि कुजत नाहीत. गृहस्थाच्या जीवनात हिंसा शून्यावर येत नाही, ती कमी करता येते. या कसोटीवर रोजच्या कामासाठी मला सूत अधिक पसंत आहे. ते टिकते, धुता येते आणि जीर्ण झाल्यावर मातीत मिसळते.

सुताच्या जाडीचे गणितही समजून घ्यावे. गिरणीच्या हिशेबात ८४० वारांची एक लड धरतात आणि एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा काउंट. त्यामुळे नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. क्रोशाच्या धाग्यालाही हाच न्याय लागू आहे. १० नंबरचा धागा जाड आणि ४० नंबरचा बारीक.

सुई धाग्याला साजेशी हवी. १० नंबरच्या धाग्याला दीड मिलिमीटरच्या आसपासची, २० नंबरला सव्वा मिलिमीटरची आणि ४० नंबरला १ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक सुई घ्यावी. इतक्या बारीक सुया पोलादाच्याच घ्याव्यात, इतर साहित्याच्या वाकतात. जाड धाग्यासाठी अॅल्युमिनियम, लाकूड किंवा बांबूची सुई चालते. साधे, लेप नसलेले अॅल्युमिनियम पांढऱ्या सुतावर करडी छटा सोडते, हे ध्यानात ठेवावे. पूर्वी हाडाच्या आणि हस्तिदंताच्या सुयाही होत. कोणाच्या घरी जुन्या पेटीत अशी सुई निघालीच, तर ती वापरात आणू नये. बोटे आखडणाऱ्या ज्येष्ठ भगिनींनी जाड, मऊ मुठीची सुई घ्यावी आणि अर्ध्या-पाऊण तासाने हाताला विसावा द्यावा.

सुईचा आकार नेहमी मिलिमीटरमध्येच पाहावा. ५ मिलिमीटरची एकच सुई अमेरिकन पद्धतीत ‘एच-८’, तर जुन्या ब्रिटिश पद्धतीत ‘६’ म्हणून ओळखली जाते. टाक्यांच्या नावांतही असाच घोटाळा आहे. अमेरिकन नमुन्यातील ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे ब्रिटिश नमुन्यातील ‘डबल क्रोशे’. आपण त्याला मुका खांब म्हणतो. नमुना कोणत्या देशाचा आहे हे न पाहता विणावयास बसले, तर माप चुकते आणि धागा वाया जातो.

वस्तूच्या उपयोगावरून विणीचा विचार करावा. दुधाच्या पातेल्यावर आणि पाण्याच्या लोट्यावर घालावयाचे मणी लावलेले झाकण, हे क्रोशाचे जीवदयेशी थेट नाते सांगणारे काम आहे. परंतु शोभेसाठी मोठी जाळी विणली, तर त्यातून मुंगी आणि चिलट सहज आत जातात. म्हणून मधोमध घट्ट विणीचे सुती कापड घ्यावे, कडेला २० नंबरच्या धाग्याची झालर विणावी आणि वजनासाठी काचेचे मणी ओवावेत. बसावयाचे आसन विणताना नक्षीची छिद्रे टाळावीत. सपाट, दाट विणीचे आसन नीट पुंजता येते. जाळीच्या आसनात सूक्ष्म जीव अडकतात आणि दिसतही नाहीत.

अपरिग्रहाचे भान येथेही हवे. आवडला रंग की घे गुंडा, अशाने कपाटे भरतात. त्यापेक्षा आधी १० सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा विणून सोनाराच्या काट्यावर तोलावा. तो ४ ग्रॅम भरला असे धरू. ६० बाय ९० सेंटिमीटरच्या रुमालात असे ५४ तुकडे बसतात, म्हणजे २१६ ग्रॅम धागा. त्यात दहा टक्के वाढ धरली तर सुमारे २३८ ग्रॅम होतात. ५० ग्रॅमचे ५ गुंडे पुरेत. मात्र हे पाचही गुंडे एकाच वेळी, एकाच लॉट नंबरचे घ्यावेत. निराळ्या लॉटमध्ये रंगाची छटा किंचित बदलते आणि ते विणल्यावरच डोळ्यांत भरते.

चातुर्मासात जव्हार-मोखाड्याच्या पावसाळी हवेत पोलादी सुईला गंज चढतो आणि सुताला बुरशी येते. बुरशी म्हणजे जीवोत्पत्ती, हे आपणास सांगणे नलगे. ओल्या हाताने विणू नये, सुया कोरड्या फडक्याने पुसून डबीत ठेवाव्यात आणि धागा कोरड्या डब्यात ठेवून ऊन पडेल त्या दिवशी उघडावा.

शेवटी एक नम्र सूचना. १९९२ साली, आपला तालुका ठाणे जिल्ह्यात असताना, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली आणि या डोंगराची वेदना महाराष्ट्राला कळली. कमी वजनाच्या नवजात बालकाच्या अंगातील ऊब झपाट्याने जाते, आणि ती डोक्यावाटे मोठ्या प्रमाणात जाते. म्हणून आईच्या छातीशी बाळाला उराउरी ठेवण्याच्या ‘कांगारू मदर केअर’ पद्धतीतही बाळाला टोपी घालतात. आपल्या मंडळाने या वर्षी अशा टोप्या विणून जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयास आणि मोखाड्याच्या रुग्णालयास द्याव्यात. मात्र तेथील डॉक्टर व परिचारिकांना आधी विचारून, त्यांना हव्या त्या मापाच्याच द्याव्यात.

या टोपीसाठीही निवडीचा विवेक हवा. आपल्या पाड्यांवर चूल पेटलेली असते आणि अॅक्रिलिक ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. म्हणून मऊ सूतच घ्यावे. सुई साडेतीन ते ४ मिलिमीटरची आणि वीण दाट असावी, म्हणजे बाळाची बोटे अडकणार नाहीत. मणी, गोंडे आणि बंद लावू नयेत. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. टोपी ताणून बसते, म्हणून ती दोन-तीन सेंटिमीटर कमी घेराची विणावी, आणि कमी वजनाच्या बाळांसाठी आणखी लहान. सूत भिजले की गार पडते, तेव्हा प्रत्येक बाळामागे दोन टोप्या द्याव्यात. विणून झाल्यावर त्या धुऊन, उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत बांधाव्यात.

ट्रस्टच्या ५० वर्षांचा हिशेब बांधकामांत आणि देणग्यांत मोजला जाईल, तो मोजावाही. त्या हिशेबात एखाद्या पाड्यावरच्या बाळाची ऊबही जमा व्हावी, अशी प्रभुचरणी प्रार्थना करतो.

बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.