दोघांचं उत्तर सारखं आलं म्हणून

(आपल्या १९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि बजावलं आहे, "तुझं काम आम्हाला कळेल असं सांग." माझं काम कळेल असं सांगायचं तर सुरुवात आठवीच्या गणिताच्या तासापासून करावी लागेल.

घटक चाचणीत हौद आणि नळांचं गणित होतं. मी आणि माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण, दोघींचं उत्तर अगदी मिनिटापर्यंत सारखं आलं. (ती आज दुसऱ्या रांगेत बसली आहे, नाव सांगत नाही.) आमच्या उत्तराप्रमाणे दोन नळ सोडल्यावर हौद भरायला एकट्या नळापेक्षा जास्त वेळ लागत होता. मी बाईंना म्हटलं, "बाई, आमच्या दोघींचं उत्तर जुळतंय, मग चूक कसं?" बाईंनी दोन्ही पेपर शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "जुळतंय, कारण एकीने दुसरीचं बघून लिहिलंय. ही दोन उत्तरं नाहीत, एकच उत्तर दोनदा लिहिलंय." सगळा वर्ग हसला आणि मला फार राग आला. बाई, तुम्ही आज समोर बसला आहात म्हणून सांगते. ते वाक्य मला पुन्हा ऐकावं लागलं तेव्हा मी चाळिशीला आले होते, आणि प्रश्न हौदाचा नव्हता, विमानाचा होता.

मी विमान चालवत नाही, दुरुस्तही करत नाही. विमानाच्या देखभालीच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही काही जण पुण्यात बसून लिहितो. कुठल्या विमानाचा कुठला भाग कधी तपासायचा, कधी बदलायचा, कोणी सही केली, याचा हिशोब. ऐकायला रुक्ष वाटेल, पण यातल्या काही नोंदींमागे माणसं गेलेली असतात. त्यातल्या एका प्रकाराबद्दल आज बोलते, विमानाच्या नियंत्रणात गोठणाऱ्या पाण्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठलं बर्फ? मे महिन्यात नागपूरला धावपट्टीवर बेचाळीस अंश तापमान असतं. पण तेच विमान अर्ध्या तासात ३२,००० फुटांवर पोचतं आणि तिथे बाहेर उणे पन्नासच्या आसपास थंडी असते. जमिनीवर एखाद्या फटीत शिरलेलं चमचाभर पाणी वर गेल्यावर दगड होतं. ते पंखावर चढलेलं बर्फ नसतं, म्हणून खिडकीतून दिसत नाही. बिजागरीत, दांड्यात, सेन्सरच्या पोटात असतं.

गंमत म्हणजे बर्फ काढायचं औषधच कधीकधी बर्फ तयार करतं. थंड देशांत उड्डाणापूर्वी विमानावर ग्लायकॉलचं द्रावण फवारतात. ते लगेच ओघळून जाऊ नये म्हणून काही द्रावणांत घट्टपणा आणणारा पदार्थ घातलेला असतो. पंखाच्या पृष्ठभागावरचं द्रावण धावपट्टीवर वेग घेताना वाऱ्याने निघून जातं. जिथे वारा पोचत नाही तिथलं, म्हणजे बिजागऱ्यांभोवतालचं, फटींमधलं द्रावण तसंच राहून वाळतं. वाळल्यावर उरतो एक पातळ थर, सहज नजरेला न दिसणारा. मग पाऊस पडतो किंवा विमान धुतलं जातं आणि तो थर पाणी पिऊन फुगतो, भिजवलेल्या सब्जासारखा बुळबुळीत. हा फुगलेला गोळा वर जाऊन गोठला की शेपटीवरचं एलिव्हेटर किंवा पंखावरचं एलेरॉन जड होतं, अडकतं. युरोपात २००५-०६ च्या सुमारास असे प्रकार पुढे आले. ज्या छोट्या विमानांत वैमानिकाच्या हाताचा जोर थेट तारांनी त्या फळ्यांपर्यंत जातो, त्यांना याचा त्रास जास्त.

उपाय काय? ठरावीक काळाने झाकणं उघडायची, पाण्याचा हलका फवारा मारून थोडं थांबायचं म्हणजे लपलेला थर फुगून दिसू लागतो, तो धुऊन काढायचा. आणि धुताना वंगणही निघून जातं, म्हणून पुन्हा वंगण लावायचं. शिवाय पाण्याच्या निचऱ्याची छिद्रं मोकळी आहेत ना, हे बघायचं. आपल्या शाळेचे शिपाईमामा मृगाच्या आधी शिडी लावून पन्हळीतला पालापाचोळा काढायचे, तेच हे काम. मामा शिडीवर चढलेले आपण रोज बघितले, पण त्यामुळे प्रयोगशाळेत पाणी आलं नाही, हे कुणाच्या लक्षात आलं? देखभालीचं यश असंच असतं. काहीच घडत नाही. आणि काहीच घडत नाही म्हटल्यावर माणसाला वाटू लागतं, हे काम केलं नाही तरी चालेल.

म्हणूनच काही कामं कुणाच्या मर्जीवर सोडलेली नसतात. धोका सिद्ध झाला की त्या त्या देशाची विमान सुरक्षा संस्था लेखी आदेश काढते. त्याला एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह म्हणतात, आमच्या भाषेत 'एडी'. अमेरिकेची एफएए काढते, युरोपची इएएसए काढते, आणि विमान ज्या देशाच्या रचनेचं आहे तिथला आदेश आपल्याकडे डीजीसीए पाळायला लावते. त्यात मुदत असते, इतके उड्डाण-तास किंवा इतके महिने, जे आधी येईल ते. मुदत टळली की ते विमान कायद्याने उडायला लायक राहत नाही.

आता पर्पिन्याँची गोष्ट. फ्रान्सच्या दक्षिणेला समुद्राजवळचं हे गाव. नोव्हेंबर २००८ मध्ये तिथे एअरबस ए-३२० जातीचं एक विमान देखभाल आणि रंगकामासाठी उभं होतं. एअर न्यूझीलंडचं हे विमान एका जर्मन कंपनीने भाड्याने घेतलं होतं आणि आता परत द्यायचं होतं. २४ नोव्हेंबरला विमानावर धूळ दिसली म्हणून ते पाण्याने धुतलं. धुण्याची ठरलेली पद्धत होती. सेन्सर आधी झाकायचे, मग पाणी मारायचं. ती पाळली गेली नाही.

विमानाच्या नाकाजवळ छोटे पाते बसवलेले असतात. विज्ञानाच्या सरांनी गच्चीवर वातकुक्कुट लावला होता, आठवतं? तसंच ते वाऱ्याबरोबर वळतं आणि हवा पंखावर कोणत्या कोनात येते आहे ते संगणकाला सांगतं. कोन फार वाढला की पंखाची उचल संपते आणि विमान खाली येतं. त्यामुळे हा कोन म्हणजे विमानाची नाडी. ती एकाच्या भरवशावर सोडू नये म्हणून सेन्सर तीन असतात. धुण्याचं पाणी त्यांतल्या दोघांच्या आत गेलं.

तीन दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, ताबा देण्याआधीच्या चाचणीसाठी विमान उडालं. आत सात जण होते, दोन जर्मन वैमानिक आणि न्यूझीलंडहून आलेले पाच. सुमारे ३२,००० फुटांवर ते पाणी गोठलं आणि दोन्ही पाती जवळजवळ एकाच कोनात अडकली. तिसरं मोकळं होतं आणि खरं सांगत होतं. संगणकाचा नियम साधा होता, तिघांपैकी दोघांचं जुळलं की तिसरा चुकीचा धरायचा. त्याने खरं बोलणाऱ्याला बाद केलं.

परतताना वेग कमी करण्याची चाचणी घेतली. ती बऱ्याच जास्त उंचीवर करायची असते, इथे ती सुमारे ३,००० फुटांवर झाली. विमान मंदावलं की संगणक स्वतः आडवा येऊन सावरेल, अशी अपेक्षा होती. पण संगणकाच्या लेखी कोन अजून सुरक्षितच होता. मधल्या काळात त्यानेच शेपटीचा पंख नाक वर करण्याच्या शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला होता. मग वैमानिकांनी इंजिनाचा जोर वाढवला तेव्हा नाक आणखी वर गेलं. समोरच्या पडद्यावर सूचना आली, तो पंख आता हाताने फिरवा. त्या घाईत ते झालं नाही. विमान समुद्रात कोसळलं. सातही जण गेले.

चौकशीने एकट्या कुणाला धरलं नाही. चाचणीची तयारी, उंची, प्रशिक्षण, सगळ्याचा त्यात वाटा होता. पण मी तो अहवाल पहिल्यांदा वाचला तेव्हा एकाच जागी थांबले. दोन सेन्सर 'जुळले' ते दोघांनी खरा कोन मोजला म्हणून नाही, तर एकाच पाण्याने दोघांना भिजवलं म्हणून. बाई, एकच उत्तर दोनदा लिहिलेलं.

पुढे ५ नोव्हेंबर २०१४ ला बिल्बाओहून म्युनिकला निघालेल्या लुफ्तान्साच्या ए-३२१ विमानातही तिघांपैकी दोन सेन्सर वर जाताना अडकले. या वेळी संगणकाला उलटं वाटलं, कोन फार वाढला म्हणून त्याने नाक खाली दाबलं. विमान सुमारे ४,००० फूट खाली आलं. वैमानिकांनी डोकं शांत ठेवून संगणकाची ती दखल बंद केली आणि विमान सुखरूप उतरवलं. डिसेंबरमध्ये इएएसएने तातडीचा आदेश काढला आणि पुढच्या वर्षी ठरावीक बनावटीचे सेन्सर बदलणं बंधनकारक केलं.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर घराबाहेर फारशी सांगितलेली नाही.

काही वर्षांपूर्वी एका विमान कंपनीच्या जुन्या नोंदी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचं काम माझ्याकडे होतं. त्यात अशाच सेन्सर बदलण्याच्या एका आदेशाची नोंद होती. सगळ्या विमानांसमोर हिरवी खूण, काम पूर्ण. एके दिवशी त्यांच्या भांडारातल्या एका वयस्कर तंत्रज्ञाची तक्रार आली, एका ओळीची. अमुक विमानावर बसलेल्या सेन्सरचा पार्ट नंबर जुना दिसतो. मी आमची यादी बघितली, त्यांच्या जुन्या प्रणालीची यादी बघितली. दोन्हीत नवा नंबर. मी उत्तर लिहिलं, "दोन्ही याद्या तपासल्या, जुळतात," आणि तक्रार बंद केली. त्यांनी ती पुन्हा उघडली. मी पुन्हा बंद केली, या वेळी जरा कडक भाषेत. तिसऱ्यांदा त्यांनी शब्द लिहिलेच नाहीत. सेन्सर भांडारातून देताना भरलेल्या कार्डाचा फोटो पाठवला. जुना नंबर, स्वच्छ दिसत होता.

तेव्हा मी मुळाशी गेले. नवा सेन्सर बसवला तेव्हा काम पूर्ण झालं ही नोंद विमानाच्या नावावर झाली होती, सेन्सरच्या नावावर नाही. नंतर तो नवा सेन्सर बिघडला, भांडारातून जुन्या बनावटीचा एक बसवला गेला, पण हिरवी खूण तशीच राहिली. आणि मी ज्या दोन याद्या जुळवल्या होत्या त्या दोन्ही एकाच फाइलमधून निघाल्या होत्या. ती फाइल मीच आणली होती. कार्ड तेवढं वेगळं होतं, कारण ते कुणी सेन्सर हातात धरून लिहिलं होतं. तिघांपैकी खरं बोलणाऱ्याला मी दोनदा बाद केलं होतं.

त्याच रात्री सेन्सर बदलला. काहीही झालं नाही. पण त्यांच्या पहिल्या तक्रारीपासून चार दिवस गेले होते. त्या चार दिवसांत त्या विमानाने किती उड्डाणं केली ते मी मोजलं. अठरा. प्रत्येक उड्डाणात दीडशेच्या वर माणसं. तो आकडा मी कागदावर लिहून टेबलाच्या खणात ठेवला आहे, अजून आहे.

मी त्यांना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "मॅडम, त्यात काय, माझं कामच ते. कपाट उघडून बघायचं." वाद नाही, उपदेश नाही. आता आमच्याकडे अशा भागांची नोंद त्या भागाच्या स्वतःच्या क्रमांकावर होते. आणि 'दोन ठिकाणी जुळतं' एवढ्या कारणावर सुरक्षेची तक्रार कुणालाही बंद करता येत नाही. दोन्ही माहिती कुठून आली, ते आधी लिहावं लागतं. हा नियम सुचवला तेव्हा बैठकीत एकाने विचारलं, "ही कल्पना कुठल्या पुस्तकातली?" मी म्हटलं, "आमच्या गणिताच्या बाईंची."

मित्रमैत्रिणींनो, आपल्यात आज डॉक्टर आहेत, बँकेतले आहेत, शेतकरी आहेत, शिक्षक आहेत. प्रत्येकाच्या कामात अशी एखादी हिरवी खूण असेलच, आणि ती चुकीची आहे म्हणून सांगणारा एखादा चिकट माणूसही. तो तिसऱ्यांदा आला तर त्याला चहा पाजा आणि कपाट उघडून बघा. आणि पुढच्या वेळी विमान 'तांत्रिक कारणामुळे' तासभर उशिरा सुटलं तर खिडकीबाहेर नजर टाका. शिडीवर कुणीतरी उभं असेल. आपल्या मामांसारखं.

बाई, हौदाच्या त्या गणितात तुम्ही मला पाचापैकी शून्य दिलं होतं. ते बरोबर होतं. नमस्कार.